पहिला काना

निशातगंजमध्ये मी अकरा महिने राहिलो. त्यातले दहा महिने माझ्या आडनावाला पहिला काना नव्हता.

यात दोष कुणाचाच नाही. मराठी आडनावाच्या सुरुवातीचा ‘आ’ उत्तरेत सहसा टिकत नाही. आपटे इकडे आले की अपटे होतात, आगरकरांचे अगरकर होतात. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून हिंदीत, असा उलटसुलट प्रवास करताना तो काना वाटेत कुठंतरी गळून पडतो. मलाही पहिल्या आठवड्यातच सगळे बिनकान्याच्या नावानं हाक मारू लागले आणि मी ‘ओ’ देऊ लागलो. माझे घरमालक निवृत्त उर्दू शिक्षक. गल्लीत त्यांना सगळे मास्टरसाहब म्हणत. दर महिन्याच्या पाच तारखेला ते भाड्याची पावती स्वतःच्या हातानं उर्दूत लिहून देत. उजवीकडून एक उभा अलिफ ओढत आणि झरझर पुढं जात. मला उर्दू वाचता येत नव्हतं. त्यामुळे पावतीवर मी नेमका कोण आहे, हे मला बरेच दिवस कळलंच नाही.

2018च्या जानेवारीत ऑफिसनं मला लखनौला धाडलं. धुकं असं की सकाळी नऊ वाजता गोमतीवरच्या पुलाचं दुसरं टोक दिसायचं नाही. निशातगंज नदीच्या उत्तर काठावर आहे. निशात म्हणजे आनंद, पण वस्तीचा आनंद काही नवाबी थाटाचा नाही. भाजीच्या हातगाड्या, औषधांची दुकानं, शिंपी, चहाच्या टपऱ्या आणि करामत हुसैन मुलींच्या कॉलेजकडे घोळक्यानं निघालेल्या पोरी, एवढाच. गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर आहेत. रिक्षावाल्याला नंबर सांगायचा, तो मान हलवतो. बादशाहनगरच्या बाजूला तेव्हा मेट्रोचे खांब उभे राहत होते आणि त्यांची धूळ माझ्या खिडकीच्या गजांवर रोज नव्यानं बसत होती.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यानं मला पहिल्याच दिवशी विचारलं, “बंबई में कहाँ?” मालाड म्हटल्यावर त्याचा चेहरा उजळला. त्याचा भाऊ वीस वर्षं मालाडला भाजी विकत होता. माझं बालपण गेलं त्या बाजारापासून त्याची गाडी दोन रस्ते पलीकडे. हा इथं मला भाजी विकतो, त्याचा भाऊ तिथं माझ्या आईला विकत असेल. देशाचा एवढा मोठा नकाशा एकदम घडी घालून खिशात ठेवावा तसं वाटलं.

आणि नदीपलीकडे, सिकंदरबागेवरून पुढं गेलं की राजभवन. कोठी हयातबख्श हे तिचं जुनं नाव. मास्टरसाहबांच्या पिढीतले लोक अजूनही ‘लाटसाहब की कोठी’ म्हणतात. त्या कोठीत तेव्हा आमच्या भागाचे खासदार राहत होते. खरं तर माजी खासदार. त्याहूनही खरं म्हणजे उत्तर प्रदेशाचे राज्यपाल. पण माझ्या डोक्यात राम नाईक म्हटलं की राजभवनाचं फाटक येत नाही. आमच्या मालाडच्या घरातला एक खण येतो आणि त्या खणातली लाल-निळी पेन्सिल.

बाबा एका कचेरीत हिशेबाच्या विभागात होते. मालाडहून आठ बाराची लोकल, चर्चगेट, संध्याकाळी तीच वाट उलटी, असं तीसेक वर्षं. आमच्या लोकप्रतिनिधीचा वार्षिक कार्यअहवाल म्हणून एक पातळ पुस्तिका निघत असे. राम नाईक आमदार होते तेव्हा ‘विधानसभेत राम नाईक’, खासदार झाल्यावर ‘लोकसभेत राम नाईक’. आमच्या घरी ती आली की बाबा रविवारी दुपारी जेवण झाल्यावर पेन्सिल घेऊन बसत. एकेक कलम वाचत आणि मधूनच समासात एक अक्षर लिहीत: ‘पा.’

पा. म्हणजे पाहिले. जे काम बाबांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं असेल त्याच्यापुढेच हे अक्षर यायचं. बाकीच्या कलमांपुढे काही नाही. फुली नाही, प्रश्नचिन्ह नाही, कोरी जागा. आई थट्टा करायची, “पेपर तपासताय का पोरांचे?” बाबा म्हणायचे, “तपासणारा मी कोण? मी आपला माझ्या डोळ्यांपुरतं बोलतो.”

गॅसची गोष्ट मला त्या पुस्तिकेमुळेच लक्षात राहिली. 1999 ते 2004 या काळात राम नाईक वाजपेयींच्या मंत्रिमंडळात पेट्रोलियम खात्याचे मंत्री होते. त्याआधी गॅसचं कनेक्शन म्हणजे काय होतं, हे आजच्या पोरांना सांगून पटत नाही. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. मुलीच्या लग्नात कनेक्शन हा आहेर व्हायचा. ती प्रतीक्षायादी या काळात संपली. आमच्या मावशीचा सिलिंडर बाबांनी स्वतः तीन जिने चढवला होता आणि त्या वर्षीच्या समासात ‘पा.’ जरा ठसठशीत उमटला होता, पेन्सिलीचं टोक मोडेल इतका.

मास्टरसाहबांना मी हे सगळं गच्चीवर सांगितलं. फेब्रुवारीतल्या उन्हात ते खुर्ची टाकून बसत. त्यांच्या मांडीवर एक जाड पुस्तक होतं आणि ते पुस्तक पाहूनच मी थबकलो होतो, कारण मुखपृष्ठावरचा चेहरा ओळखीचा होता. राम नाईकांचं मराठी आत्मचरित्र ‘चरैवेति! चरैवेति!!’ 2016 साली आलं आणि मग त्याची अनेक भाषांत भाषांतरं झाली. मास्टरसाहबांच्या मांडीवर उर्दू होतं. जे पुस्तक मी डावीकडून वाचलं होतं, ते हा माणूस उजवीकडून वाचत होता. मी म्हटलं, आमच्याच भागाचे ते. फार मोठी कारकीर्द आहे.

“कारकर्दगी,” त्यांनी दुरुस्ती केली.

नाही, कारकीर्द, मी म्हटलं. आमच्या मराठीतला शब्द आहे.

मास्टरसाहबांनी पुस्तक मिटलं. शिक्षक असा पुस्तक मिटतो तेव्हा समजावं की तास सुरू झाला. कार आणि कर्द, दोन्ही फारसी. कार म्हणजे काम, कर्द म्हणजे केलं. तुमचा शब्द आणि आमचा शब्द एकाच पोटचे. पण उर्दूत कारकर्दगी म्हणजे काम कसं झालं ते. पोराच्या प्रगतिपुस्तकात असते ती कारकर्दगी. बल्लेबाजाची असते, मोटारीच्या इंजिनाचीसुद्धा असते. मग त्यांनी विचारलं, “आप के यहाँ क्या मतलब है?”

मी विचारात पडलो. आमच्याकडे शिवाजी महाराजांची कारकीर्द असते, नाना फडणवीसांची असते, एखाद्या मुख्यमंत्र्याची अडीच वर्षांची असते. आम्ही तिला सन लावतो: या सालापासून त्या सालापर्यंत. म्हणजे आमच्या कारकीर्दीत गादी आली, मुदत आली, आणि ‘केलं’ हा अर्थ शब्दाच्या पोटात असूनही निजून राहिला. आमचा शब्द विचारतो, किती दिवस बसलात? लखनौचा विचारतो, बसून काय केलंत?

त्या दिवसापासून मला एक खोड लागली. राजकारण्याविषयी काही वाचलं की मनाशी दोन रकाने आखायचे. एकात कारकीर्द, दुसऱ्यात कारकर्दगी.

पहिल्या रकान्यात राम नाईकांचं असं दिसतं. जन्म 16 एप्रिल 1934, सांगली. बालपण आटपाडीत, तेव्हा आटपाडी औंध संस्थानात होती. पुण्यातून 1954 साली बी. कॉम. होऊन मुंबईला. महालेखापालांच्या कार्यालयात कारकुनी, मग खासगी कंपनीत हिशेबाचंच काम. 1969 साली नोकरीवर पाणी सोडून भारतीय जनसंघाचे पूर्णवेळ संघटनमंत्री. 1978, 1980 आणि 1985 अशा तीन निवडणुकांत बोरिवलीचे आमदार. 1989 पासून 1999 पर्यंतच्या पाचही लोकसभा निवडणुकांत उत्तर मुंबईचे खासदार. मग दोन पराभव. मग ऐंशीव्या वर्षी, 22 जुलै 2014 रोजी, उत्तर प्रदेशाचे राज्यपाल.

हे वाचून आटपाडीपासून राजभवनापर्यंत एक सरळ जिना दिसतो. पण जिना काही सरळ नव्हता. 1994च्या सुमारास त्यांना कॅन्सर झाला, त्यातून ते उठले. ते कधी मुख्यमंत्री नव्हते, पक्षाचा पोस्टरवरचा चेहरा नव्हते, त्यांच्या सभेला माणसं झाडावर चढून बसल्याचं मी तरी पाहिलं नाही. त्यांना प्रादेशिक पुढारी म्हणायचं तर त्यांचा प्रदेश म्हणजे पश्चिम रेल्वेचा एक तुकडा. मालाड-बोरिवलीपासून वसई-पालघरपर्यंत पसरलेला तो जुना उत्तर मुंबई मतदारसंघ म्हणजे शेवटी रूळांच्या दोन बाजूंना दाटलेली वस्तीच. 1964 साली त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ उभा केला तेव्हा ते आमदारही नव्हते. आठ बाराची लोकल आठ वीसला आली की ज्याच्या पोटात कालवतं अशा माणसाचं हे राजकारण. त्यात घोषणा कमी, पत्रव्यवहार फार.

दुसरा रकाना भरायला बसलं की मौज वाटते. त्यात मोठ्या अक्षरांत लिहावं असं थोडं आणि बारीक अक्षरांत लिहावं असं बरंच. आईच्या दुधाला पर्याय म्हणून डबाबंद पावडरीची जाहिरात करण्यावर बंधनं आणणारा कायदा 1992 साली झाला, त्याआधी त्यांनी खासगी विधेयक मांडलं होतं. संसदेत ‘वंदे मातरम्’ गायलं जाऊ लागलं, त्यामागे त्यांचा आग्रह होता. खासदार निधीची योजना 1993च्या डिसेंबरात सुरू झाली, तिच्यामागच्या मागणीतही ते होते. ‘बॉम्बे’चं ‘मुंबई’ व्हावं म्हणून त्यांनी पाठपुरावा केला आणि 1995 साली ते झालं. या एकेका ओळीमागे किती कागद असतील! हिशेबनीस माणूस. जावक क्रमांक टाकल्याशिवाय पत्र सुटत नसेल.

मास्टरसाहबांनी मात्र एक नेमका प्रश्न टाकला. “अपनी कारकर्दगी आदमी ख़ुद ही लिखे, तो नंबर कौन देगा?”

प्रश्न बरोबर होता. पुढाऱ्याच्या कार्यअहवालात राहून गेलेल्या कामांचं पान सहसा नसतं. दुकानदारानं स्वतःचाच हिशेब स्वतः तपासून ‘बरोबर आहे’ असा शेरा मारावा, तसं ते. मी त्यांना बाबांच्या ‘पा.’विषयी सांगितलं. ते गप्प राहिले. मग म्हणाले, म्हणजे पुस्तिका अर्धी त्यांनी लिहिली आणि अर्धी तुमच्या वालिदसाहेबांनी. असा अर्थ मी कधी लावला नव्हता. पण खरं आहे. लोकप्रतिनिधी वर्षातून एकदा आपल्या कामाचा कागद दारात आणून टाकतो, तेव्हा तो स्वतःची स्तुती करतोच. पण त्याच वेळी अनोळखी माणसाच्या हातात एक पेन्सिलही देतो. ती उचलायची की नाही, हे आपल्याकडे.

2004 सालचा मे महिना मला स्वच्छ आठवतो. वाजपेयी लखनौमधून निवडून आले आणि त्यांचं सरकार गेलं. आमच्याकडे काँग्रेसनं गोविंदाला उभं केलं होतं. विरारच्या चाळीतून पडद्यावर गेलेला पोरगा. जिथं जाईल तिथं रस्ते तुंबले. राम नाईक जवळपास 48 हजार मतांनी हरले. हिशेबाच्या वहीला नाचणाऱ्या पावलांनी हरवलं असं कुणी म्हणेल, पण ते सोपं झालं. त्याच गाड्यांना लोंबकळून जाणाऱ्या लाखो माणसांना एकदा तरी आपल्यातला कुणी झगमगताना पाहायचा होता, त्यात गैर काय? 2009 साली ते पुन्हा उभे राहिले आणि संजय निरुपम यांच्याकडून थोडक्यात हरले.

मला पराभवापेक्षा त्यानंतरची पुस्तिका लक्षात राहिली. गादी गेली म्हणजे आमच्या अर्थानं कारकीर्द संपली. अहवाल बंद व्हायला हवा. पण तो निघाला, फक्त नाव बदललं: ‘लोकसेवेत राम नाईक’. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते. त्यांनी ती पुस्तिका उलटीसुलटी करून पाहिली आणि म्हणाले, “नोकरी गेली, पण हा माणूस मस्टरवर सही करायला येतोच आहे.” ज्यानं आयुष्यभर मस्टरवर सही केली त्याच्या तोंडून ही मोठी दाद होती. 2012 साली बाबा गेले. पुढचं राजभवन त्यांनी पाहिलं नाही, म्हणून त्याच्यापुढे ‘पा.’ नाही.

उत्तर प्रदेशाच्या राजकारणात मराठी माणूस काही राम नाईकांपासून सुरू होत नाही. पुण्यात जन्मलेले बाबा राघवदास पूर्वांचलात इतके मिसळले की 1948 साली फैजाबादच्या पोटनिवडणुकीत काँग्रेसनं त्यांना आचार्य नरेंद्र देवांसारख्या विद्वानासमोर उभं केलं आणि ते जिंकले. गोरखपूरच्या मेडिकल कॉलेजला त्यांचं नाव आहे, पण ते नाव मराठी आहे हे तिथं फारसं कुणाच्या ध्यानात नसतं. मग हिंगोलीकडच्या कडोळीचे नानाजी देशमुख. 1952 साली गोरखपुरात पहिलं सरस्वती शिशु मंदिर, मग जनसंघाची बांधणी, 1977 साली बलरामपूरहून खासदारकी. मंत्रिपद नाकारलं, आणि साठीला आल्यावर राजकारणच सोडून आधी गोंड्याच्या आणि मग चित्रकूटच्या खेड्यांत जाऊन बसले. हे ऐकून मास्टरसाहब हसले. म्हणाले, आमच्याकडचे लोक खुर्चीसाठी मुंबईला जात नाहीत, पोटासाठी जातात. तुमचे लोक इथं येतात आणि मिळालेली खुर्ची सोडून देतात. अजब लेनदेन आहे.

राघवदास आणि नानाजी तरुणपणी आले आणि इथल्या मातीत विरघळले. राम नाईक ऐंशीव्या वर्षी आले, तेही नेमणुकीनं. विरघळायला वेळ नव्हता. त्यांनी आपल्याला येत होतं तेच केलं: पत्रं लिहिली आणि वर्षाच्या शेवटी पुस्तिका काढली, ‘राजभवन में राम नाईक’. राज्यपालांनी मतदारांना द्यावा तसा कार्यअहवाल जनतेला द्यावा, हे घटनेत कुठं लिहिलेलं नाही. लखनौत त्याची मौजही झाली असेल. पण मला त्या नावातला क्रम ओळखीचा होता. विधानसभेत, लोकसभेत, लोकसेवेत, राजभवनात. जागा बदलत गेली, विभक्तीचा प्रत्यय तोच राहिला.

सगळं काही गोडीगुलाबीनं झालं असं नाही. 2014 ते 2017 अखिलेश यादवांचं सरकार होतं. विधान परिषदेवर नेमायच्या काही नावांवर राजभवनानं हरकत घेतली, काही विधेयकं अडून राहिली, पत्रांवर पत्रं गेली. एका बाजूला हे घटनेचं राखणदारपण वाटलं, दुसऱ्या बाजूला राजभवनात बसून केलेलं पक्षाचं राजकारण. मार्च 2017 मध्ये योगी आदित्यनाथ मुख्यमंत्री झाले आणि राजभवन व सरकार एका सुरात बोलू लागले, तेव्हा ही दुसरी शंका अनेकांच्या ओठांवर आली. राज्यपालपदाची रचनाच अशी आहे की दिल्लीचं आणि राज्याचं सरकार एकाच पक्षाचं असलं की राज्यपालांच्या दक्षतेचा कस लागत नाही, आणि वेगवेगळ्या पक्षांचं असलं की त्या दक्षतेचा हेतू तपासला जातो. एका माणसाच्या हिशेबात हे बसवता येत नाही.

मी निशातगंजमध्ये पोहोचलो त्याच महिन्यात, 24 जानेवारीला, पहिला ‘उत्तर प्रदेश दिवस’ साजरा झाला. 1950 साली याच तारखेला संयुक्त प्रांताचं नाव उत्तर प्रदेश झालं होतं. महाराष्ट्र 1 मे साजरा करतो, मग या राज्यानं आपला दिवस का साजरा करू नये, ही सूचना राम नाईकांचीच. मास्टरसाहबांचा शेरा होता: सूबे की उम्र अड़सठ साल, और सालगिरह पहली। भाजीवाल्याला दिवसाशी देणंघेणं नव्हतं. पण त्याचा मालाडचा भाऊ दर 1 मेला दुकानावर भगवी पताका लावतो, एवढं त्यानं अभिमानानं सांगितलं.

मार्च संपताना ते नावाचं प्रकरण आलं. राज्य सरकारनं आदेश काढला की यापुढे सरकारी कागदोपत्री ‘डॉ. भीमराव रामजी आंबेडकर’ असं लिहावं. मधे वडिलांचं नाव आणि आडनावाला पहिला काना. त्यासाठी राम नाईकांनी पाठपुरावा केला होता. संविधानाच्या हिंदी प्रतीवर बाबासाहेबांची सही तशीच आहे, हा त्यांचा आधार. महाराष्ट्रात मधे वडिलांचं नाव येतं यात कुणाला काही वाटत नाही. आपल्या शाळेच्या दाखल्यापासून ते चालत आलेलं. उत्तर प्रदेशात मात्र वादळ उठलं. ‘रामजी’ हे नाव आत्ताच का आठवलं, यात राम कुणाचा, मतं कुणाची, असे प्रश्न आले. दलितांवरच्या अत्याचारांच्या कायद्याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा निकाल नुकताच आला होता, त्याच्या विरोधात 2 एप्रिलला भारत बंद झाला. अशा दिवसांत नाव दुरुस्त करणं हे नुसतं शुद्धलेखन राहत नाही. माणसांना हक्क हवेत आणि हातात काना ठेवला जातोय, हा राग समजण्यासारखा होता.

पण त्याच आठवड्यात मी एक दृश्य पाहिलं. ऑफिसातून परतताना एका सरकारी इमारतीच्या फाटकाशी शिडी लावलेली होती. वर एक रंगारी. पाटीवर जुनी अक्षरं होती: ‘डॉ. भीमराव अम्बेडकर’. त्याला ‘अ’ आणि ‘म्बे’ यांच्या मधल्या फटीत काना घालायचा होता आणि ‘भीमराव’च्या पुढे ‘रामजी’. तो ब्रश हातात धरून नुसता बघत होता. मी उभा राहिलेला पाहून वरूनच म्हणाला, “जगह ही नहीं छोड़ी थी, साहब.” मग त्यानं श्वास रोखला आणि मनगट न हलवता एक बारीक उभी रेघ ओढली. नवा रंग जुन्यापेक्षा काळा होता. अरुंद जागेत घुसवलेला तो काना गर्दीच्या लोकलमध्ये दाराशी एका पायावर उभ्या माणसासारखा दिसत होता. पण चढला होता.

मी गच्चीवर येऊन हे सांगितलं तेव्हा मास्टरसाहबांनी पेन मागितलं. जुन्या पाकिटाच्या पाठीवर एक उभा अलिफ काढला. हा झाला अ. मग त्याच्या डोक्यावर एक छोटी लाट काढली. हा आ. ही लाट म्हणजे मद्द. मद्दचा अर्थ ताणणं, लांबवणं. “हिसाब में जो मद होती है न, किस मद में कितना ख़र्च, वह भी यही है,” ते म्हणाले. हिशेबाच्या डोक्यावर ओढलेली रेघ. एवढं बोलून ते एकदम थांबले आणि माझ्याकडे रोखून पाहू लागले. मग विचारलं, तुमचं आडनाव तुम्ही नक्की कसं म्हणता?

मी म्हणून दाखवलं. कान्यासकट. त्यांनी दोनदा उच्चारून पाहिलं. काही बोलले नाहीत.

नोव्हेंबरात चौकातल्या सराफ्यात एक ओळखीचा आवाज कानावर आला. मूस, भट्टी आणि तेजाबाच्या वासानं भरलेल्या खोपटातून कुणीतरी फोनवर ‘आरं, पाऊस झाला न्हाई का अजून?’ म्हणत होतं. माणदेशी मराठी, लखनौच्या चौकात! गलाईवाला. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर, आटपाडीच्या दुष्काळी पट्ट्यातून पिढ्यान्पिढ्या ही माणसं देशभरच्या सराफपेठांत सोनं-चांदी गाळायला गेलेली. सोनाराच्या दुकानातला केर विकत घ्यायचा, जाळायचा, धुवायचा, आटवायचा आणि तळाशी राहिलेला कण काढायचा. मी राज्यपालांचं नाव काढलं तर तो म्हणाला, “आमच्याच आटपाडीचं हायत की.” आणि फुंकणीनं निखारा फुलवू लागला. एकाच कोरड्या तालुक्यातून निघालेल्या दोन वाटा लखनौत येऊन पोचल्या होत्या. कोठीतल्या माणसाला मी कधी भेटलो नाही. खोपटातल्या माणसानं मात्र मुशीच्या तळाशी चिकटलेला मोहरीएवढा पिवळा कण चिमट्यात धरून मला दाखवला. सहा सोनारांच्या आठवड्याच्या केरातून निघालेला.

कारकर्दगी म्हणतात ती अशीच निघत असावी, असं तेव्हा वाटलं. भाषणं, हार, निवडून येणं, पडणं, आरोप, सगळं एकत्र जाळायचं. ते काम त्या माणसाचं नाही, त्याच्या पक्षाचंही नाही. ते आपलं. आणि कण मोहरीएवढा निघाला तर तो मोहरीएवढाच सांगायचा. भोपळ्याएवढा नाही, आणि नाहीच असंही नाही.

राम नाईकांची लखनौतली मुदत जुलै 2019 मध्ये संपली, 2024 साली त्यांना पद्मभूषण मिळालं. तोवर मी मालाडला परत आलो होतो आणि बाबांचा खण माझ्या ताब्यात आला होता. निशातगंजहून निघताना घडलेली एवढीच गोष्ट सांगायची राहिली. शेवटच्या महिन्याच्या पाच तारखेला मास्टरसाहबांनी नेहमीसारखी पावती लिहिली. मी ती नेहमीसारखी घडी करून खिशात टाकणार होतो. त्यांनी हात धरला. “देखिए तो.”

उर्दू मला अजूनही येत नव्हती. पण नावाच्या सुरुवातीला उभा अलिफ होता आणि त्याच्या डोक्यावर एक छोटी लाट.

ती पावती आता त्या खणात आहे, पुस्तिकांच्या वर. लाल-निळी पेन्सिल अजून चालते. पावतीच्या समासात, लाटेच्या शेजारी, मी बाबांच्या सवयीनं एक अक्षर लिहून ठेवलं आहे.

पा.